दुधाचा दुराग्रह

वसुबारसेला माझी आई दूध, तूप आणि ताक यांना शिवत नसे. संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा करायची आणि बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाऊन उपास सोडायचा, असा तिचा नेम होता. गिरगावच्या चाळीत गाय कोठून येणार? पाटावर मातीची गाय-वासरे मांडून ती पूजा करी. ‘आज दूध का नाही?’ असे मी विचारले, की ती म्हणे, ‘आजचे दूध वासराचे.’ दिवाळीचा पहिला दिवा ज्या दिवशी लागतो, तोच दिवस आमच्या घरी बिनदुधाचा असे. आता मात्र दिवाळी म्हणजे तूप, लोणी आणि खवा असे समीकरण आपण करून बसलो आहोत. पुढचे वाचून कोणी संस्कृतीच्या नावाने गळा काढण्यापूर्वी ही वसुबारस ध्यानात ठेवावी, एवढ्याकरिता आरंभीच तिचे स्मरण केले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याला दूध पचत नाही त्याला आपला समाज प्रथम लबाड ठरवतो, मग लाडावलेला ठरवतो, आणि शेवटी डॉक्टरचा कागद समोर आला, की त्याच्या हाती एखादे महागडे खोके देऊन मोकळा होतो. या तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत. तिसरी करता करता वाचलो. तेव्हा हा लेख दुसऱ्यांवर जितका आहे तितकाच माझ्यावरही आहे.

मी तीस वर्षे शाळामास्तर होतो. आता नेरुळला मुलाकडे राहतो. माझी नात नऊ वर्षांची. रोज सकाळी शाळेची बस येण्यापूर्वी तिने ग्लासभर दूध संपवले पाहिजे, हा घरातला कायदा. आणि त्याची अंमलबजावणी माझ्याकडे. बसमध्ये चढेपर्यंत तिचे पोट दुखू लागे. आठवड्यातून दोनदा तरी शाळेतून दूरध्वनी येई. मास्तरकीच्या अनुभवावरून मी निदान केले, की पोरगी शाळा चुकवण्याची सोंगे करते आहे. मे महिन्यात ती आजोळी सावंतवाडीला महिनाभर राहिली आणि एक दिवसही पोट दुखले नाही, तेव्हा मी विजयी मुद्रेने सुनेला म्हणालो, ‘पाहिलेस? शाळा नाही, तर पोटदुखीही नाही.’ सून माझ्यापेक्षा शहाणी. ती म्हणाली, ‘अण्णा, तिकडे शाळा नव्हती हे खरे, पण सकाळचे दूधही नव्हते. तिकडे सगळी मुले पेज पितात.’

डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद करायला सांगितले आणि मग पुन्हा देऊन पाहायला सांगितले. बंद केल्यावर दुखणे गेले. दिल्यावर दुसऱ्याच दिवशी आले. पुढे श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणी झाली आणि शंका उरली नाही. मग डॉक्टरांनी घरातल्या इतरांची चौकशी केली. मी पन्नास वर्षे ‘वायुविकार’ म्हणून ओवा, हिंग आणि सुंठ खात आलो होतो, आणि पोट शांत व्हावे म्हणून रात्री निजताना कपभर गरम दूध घेत होतो! मी हे सांगत असताना माझा मुलगा शेजारी बसला होता. परतताना तो एवढेच म्हणाला, ‘अण्णा, मलाही लहानपणी होत असे. पण तुम्ही पट्टी घेऊन उभे असायचा.’ हे ऐकून मला जे वाटले ते इथे लिहीत नाही. ज्यांनी मुलांसमोर ग्लास धरून डोळे वटारले असतील त्यांना ते कळेल.

आता या पोटदुखीमागचे शास्त्र. दुधात शंभरात साडेचार ते पाच भाग लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. अंगावर पिणाऱ्या मुलात ते भरपूर असते. वय वाढते तसे बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिला आंबवतात, आणि पोट फुगणे, कळ येणे, जुलाब होणे हे सारे सुरू होते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांची प्रकृती मोठेपणी अशीच असते. ज्यांच्यात हे विकर आयुष्यभर टिकते त्यांच्यात एक जनुकीय बदल झालेला असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या दोन हजारांहून अधिक माणसांचे नमुने तपासले गेले. हा बदल वायव्येकडे आणि पशुपालक समाजांत अधिक, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी, आणि सरासरीने शंभरात सुमारे वीस असा आढळला. म्हणजे ज्याला आपण ‘दुधाची खोड’ म्हणतो ती माणसाच्या देहाची सामान्य रीत आहे, आणि ग्लासभर दूध सहज पचणे हाच अपवाद आहे.

लगेच कोणी भांडी फोडू नयेत. विकर कमी असलेला प्रत्येक माणूस आजारी पडतो असे नाही. चहातले चमचाभर दूध पुष्कळांना सोसते. दही-ताकात विरजणाचे जंतू ही साखर बरीचशी खाऊन टाकतात. तुपात ती जवळजवळ नसतेच. आपल्या आज्या-पणज्यांनी दूध विरजून, घुसळून, कढवून खाल्ले त्यात मोठे शहाणपण होते. दुधाची ॲलर्जी मात्र निराळी. तिथे भांडण साखरेशी नसून प्रथिनांशी असते, आणि अशा मुलाला खव्याचा एक कणही इस्पितळात नेऊ शकतो. या दोन गोष्टींची गल्लत करणे धोक्याचे आहे.

आपल्याला हे ठाऊक नव्हते, ही सबब काही काळापुरती खरी. १९६५-६६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी दाखवून दिले, की तिथल्या निग्रोवंशीय प्रौढांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही आणि गोऱ्यांपैकी थोड्यांनाच तो त्रास होतो. तोवर गोऱ्या माणसाचे पोट हेच मनुष्यमात्राचे पोट, असे वैद्यक धरून चालले होते. आमच्या शाळेत त्याच सुमारास परदेशी भुकटीचे दूध मोठ्या पातेल्यातून वाटले जाई. जी मुले ते मोरीत ओतत त्यांना आमचे गुरुजी कृतघ्न म्हणत. आज वाटते, त्यांतल्या कितीकांची पोटे गुरुजींपेक्षा अधिक जाणती असतील! पण या संशोधनाला आता साठ वर्षे झाली. आज अज्ञानाची सबब चालणार नाही.

दूध मिळवण्यासाठी या देशाने केलेल्या कष्टांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. दुधाचे कार्ड घेऊन पहाटे केंद्रावर रांगेत उभे राहिलेल्या पिढीचा मी आहे. काचेच्या त्या बाटल्यांचा आवाज अजून कानात आहे. १९७० ते १९९६ या काळात दुधाचा महापूर आला, आणि १९९८ पासून दुग्धोत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ साली देशात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध निघाले. दरडोई दिवसाला ४७१ ग्रॅम. हे यश मोठेच आहे. पण टंचाईच्या काळात ‘प्रत्येक मुलाला दूध मिळाले पाहिजे’ अशी जी घोषणा होती, तिचे विपुलतेच्या काळात ‘प्रत्येक मुलाने दूध प्यायलेच पाहिजे’ असे रूपांतर कधी झाले, हे आपल्याला कळलेच नाही. हक्काची सक्ती झाली.

या सक्तीमागे आरोग्याच्या विचारापेक्षा प्रतिष्ठेचा विचार अधिक आहे, असा माझा आरोप आहे. ‘दुधातुपात वाढलेला’ ही आपल्या भाषेतली वर्गवारी आहे. कोरा चहा गरिबाचा आणि दुधाचा चहा पाहुण्याचा. आमच्याकडे कोरा चहा फक्त सुतकात होई. म्हणून मी दूध सोडल्यावर एका जुन्या स्नेह्याने माझ्या हातातला कप पाहून खरोखरच विचारले, ‘घरी काही झाले का?’ नव्या मुंबईत तर ही वर्गवारी डोळ्यांसमोर उभी आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसले. आगरी-कोळ्यांची भातखाचरे आणि मिठागरे जाऊन त्यांवर आमच्या इमारती आल्या. आम्ही आलो ते आपला आहार हाच सात्त्विक, हा ताठा घेऊन. त्यांच्या घरातला सुकटीचा वास आमच्या नाकाला झोंबला. पण त्या घरांतून तांदळाची भाकरी, ओला नारळ, मासळी आणि सुका जवळा यांवर पिढ्यान्‌पिढ्या धट्टीकट्टी माणसे वाढली, हा विचार आमच्या डोक्यात आला नाही. दिवाळ्याची एक मावशी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मावरे घेऊन बसते. नातीची हकिगत तिला सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, ‘मास्तर, आमच्या पोरांना कोन पाजत होता रोज दूध? भाकर न मावरा खाऊनच मोठी झाली ना!’ काट्यांसकट खाल्लेल्या बारीक सुक्या मासळीत चुना भरपूर असतो, हे मी पुस्तकात वाचले. तिला ते पुस्तकावाचून ठाऊक होते.

आता तिसऱ्या चुकीकडे वळतो, म्हणजे पर्यायांकडे. दूध बंद झाल्याबरोबर माझ्या मुलाने वाशीच्या एका चकचकीत दुकानातून चार प्रकारची खोकी आणली: बदामाचे, ओटचे, सोयाबीनचे आणि नारळाचे. भाव दुधाच्या पिशवीच्या चौपट-पाचपट. सोयाचे उकळत्या चहात फुटले. बदामाचे पाण्यासारखे निघाले, आणि का ते वेष्टन वाचल्यावर कळले. त्यात बदाम नावालाच होते आणि प्रथिने जवळजवळ नव्हतीच. ओटचे बरे होते, पण गोडूस. नारळाच्या दुधाचा चहा मात्र कोणी शत्रूलाही देऊ नये. आठ दिवस आम्ही नकली दूध शोधत होतो आणि खऱ्याशी ताडून प्रत्येकाला नापास करत होतो. चूक त्या खोक्यांची नव्हती. जे गेले त्याची हुबेहूब नक्कल मिळालीच पाहिजे, हा हट्टच चूक होता.

या हट्टापायी गांधीजींसारखा माणूसही हरला होता. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या मोठ्या आजारपणात शरीर खंगले, आणि कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताचा शब्द राखला पण आत्मा गमावला, अशी खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली. दुधाची जागा पुरती भरून काढणारा वनस्पतिज पदार्थ ते शोधत होते, आणि तो त्यांना सापडला नाही. सापडणारही नव्हता, कारण दूध जे अनेक गुण एकत्र देते ते कोणतीही एक वनस्पती देत नाही. ते निरनिराळ्या भांड्यांतून जमवावे लागतात.

आम्ही ते कसे जमवले ते सांगतो. चहापासून दूध काढून टाकले. गवती चहा, आले आणि गुळाचा खडा घालून तो कोराच पितो. सकाळच्या ग्लासाची जागा नाचणीच्या सत्त्वाने घेतली. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. धान्यातले कॅल्शियम दुधातल्याइतके सहज अंगी लागत नाही हे खरे. म्हणून तर आपल्या बायका नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळत आल्या. तिळाची चटणी रोज पानात असते. शेंगदाणे रात्रभर भिजवून, वाटून, गाळून जे दूध निघते त्याची कढी उत्तम होते. भुईमुगाची ही योग्यता सरकारी शास्त्रज्ञांनीही ओळखली होती. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमुगाची प्रथिने दुधात मिसळून ‘मिलटोन’ नावाचे पेय तयार केले होते. आणि गोडाचे म्हणाल, तर नारळाच्या रसातले शिरवाळे, खांडवी, पातोळ्या, उकडीचे मोदक हे कोणत्या गाईने दिले? जेवणाअखेर सोलकढीची वाटी आहेच. हे सारे तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पोत्यांनी येते. कोकणच्या किनाऱ्यावर बसून बदामाच्या पाण्यासाठी कॅलिफोर्नियाकडे तोंड करणे हा शुद्ध करंटेपणा होय.

एक इशारा मात्र प्रामाणिकपणे दिला पाहिजे. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिने थोडी; तान्ह्या मुलाला या घरगुती दुधांवर वाढवणे हा गुन्हा ठरेल. तसेच ब-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारी माणसाला बहुतांशी दुधातूनच मिळते. मासे-अंडी न खाणाऱ्याने दूध-दही सोडले, तर ते औषधाच्या रूपाने घ्यावे लागते. तिथे नाचणी किंवा तीळ कामाला येत नाही. माझी नात अंडे खाते. मी सत्तरीत गोळी घेतो.

नावाचा वादही याच घोळातला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितले, की वनस्पतिज पेयांना ‘दूध’ म्हणून विकू नये. युरोपीय न्यायालयानेही २०१७ साली असाच निवाडा दिला होता. गिऱ्हाईक फसू नये हे मला मान्य आहे. परंतु ‘दूध म्हणजे जनावराचेच’ असे जे भाषेच्या नावाने सांगतात त्यांनी मराठी ऐकलेली नाही. कणसांच्या दाण्यात दूध भरते. भोपळा दुधी असतो. व्यायलेल्या गाईचाही चीक आणि रुईच्या पानाचाही चीक. कुरडयांसाठी गव्हाचाही चीकच. नारळाच्या दुधाला तर रूढीमुळे त्या नियमातही सूट आहे. आणि नावापेक्षा भाव महत्त्वाचा. ताज्या दुधावर कर नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सोयाच्या पेयावर १२ टक्के आणि इतर वनस्पतिज पेयांवर १८ टक्के कर होता. आता तो ५ टक्के झाला आहे. एखाद्याची प्रकृती ही चैन समजून सरकार इतकी वर्षे तिच्यावर कर घेत होते!

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे जमत नाही. ‘दूध हे विष आहे, गोठे बंद करा’ असे वातानुकूलित खोलीतून सांगणारे उपदेशक हल्ली पुष्कळ झाले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्या बाईचे घर दोन म्हशींवर चालते तिला ते काय देणार? २०१८ च्या जुलैत लिटरमागे पाच रुपये अनुदान थेट खात्यात जमा व्हावे म्हणून शेतकऱ्यांना रस्त्यावर दूध ओतावे लागले, ते हौसेने नव्हे. ज्याला पचते त्याने आनंदाने प्यावे आणि त्या बाईला रास्त भाव द्यावा. माझा वाद दुधाशी नाही, दुराग्रहाशी आहे.

मग मागणे काय? फार थोडे. बंद डब्यावर ‘दूध आहे’ हे छापण्याची सक्ती २०२० च्या नियमांनी केली आहे. तीच सवय सुट्या मिठाईच्या काउंटरवर यावी आणि प्रत्येक परातीपुढे दूध, खवा, तूप यांची पाटी लागावी. शाळांनी पोटदुखीच्या तक्रारीला आळस म्हणण्यापूर्वी ‘सकाळी काय प्यालास?’ एवढे विचारावे. वर्षानुवर्षे ‘वायू’ची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रौढाला डॉक्टरांनीही तेच विचारावे; आणि औषधाच्या गोळ्यांतही पुष्कळदा लॅक्टोज असते हे रोग्याला सांगावे. आणि यजमानांनी, जे माझे सर्वांत मोठे अपराधी आहेत, ‘थोडेसे घे, काही होत नाही’ हे वाक्य कायमचे सोडावे. होते, आणि ते तुमच्या घरून निघाल्यावर होते, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

आमच्या घरी यंदा चिवडा तेलातलाच आहे, चकलीला लोण्याऐवजी गरम तेलाचे मोहन आहे, आणि लाडू तीळ-गुळाचे आहेत. बेसनाचे लाडू तुपातले केले आहेत, पण ते वेगळ्या डब्यात; ज्याला सोसतील त्याने खावेत. परवा नातीने मला विचारले, ‘आजोबा, माझ्या बाबांनाही तुम्ही दूध प्यायला लावायचात?’ मी ‘हो’ म्हणालो. ‘मग त्यांनी सांगितले नाही?’ ‘सांगितले असेल, मी ऐकले नाही.’

माझी आई वर्षातून एक दिवस दूध वासरासाठी सोडत असे. वासरू तर कधी बोलून तक्रार करत नाही. ज्यांना बोलता येते, जी ‘पोट दुखते’ असे स्वच्छ मराठीत सांगतात, त्या आपल्याच मुलांचे आपण ऐकावे, एवढेच या वसुबारसेला मागतो.